हात पसरून बसलेली आई आणि बंद फाटक

3 सप्टेंबर 2024. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात नव्या सत्राचा पहिला दिवस होता आणि त्याच दिवशी लो लायब्ररीच्या पायऱ्यांवरच्या ‘अल्मा माटर’ या पुतळ्यावर लाल रंग ओतला गेला. गाझातल्या युद्धाविरुद्ध जे आंदोलन चाललं होतं त्यातलाच हा प्रकार. न्यूयॉर्क-न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी ग्रुपांवर फोटो फिरले आणि बहुतेकांचा सूर एकच होता, की त्या पुतळ्यानं कुणाचं काय घोडं मारलं होतं? फोटो बघून मलाही वाईट वाटलं. माझा त्या शिल्पावर जीव आहे. पण रंग धुऊन निघाला. त्याच वर्षी विद्यापीठाची फाटकं बाहेरच्या माणसांसाठी बंद झाली, ओळखपत्र असेल तरच आत, आणि आंदोलनाचे तंबू उठून गेल्यावरही हा नियम उठला नाही. याबद्दल मात्र आमच्यापैकी फार कमी लोक बोलले. मला रंगापेक्षा ते फाटक जास्त खुपतं. का, ते सविस्तर लिहिते.

ज्यांनी हे शिल्प पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. अल्मा माटर म्हणजे पोसणारी आई. आपण जिथं शिकलो त्या संस्थेला म्हणायची ही जुनी लॅटिन रीत. कोलंबियानं त्या कल्पनेला ब्राँझमध्ये देह दिला. सिंहासनावर बसलेली एक बाई. अंगात पदवीदानाचा झगा, डोक्यावर पानांचा मुकुट, मांडीवर उघडं पुस्तक. दोन्ही हात बाजूंना उचलून पसरलेले. उजव्या हातात राजदंड, त्याच्या टोकाला मुकुट, कारण हे विद्यापीठ 1754 साली इंग्लंडच्या राजाच्या सनदेनं ‘किंग्ज कॉलेज’ म्हणून सुरू झालं. सिंहासनाच्या दोन्ही बाजूंना दिवे आहेत, एक विद्येचा आणि एक शहाणपणाचा. मला ही वाटणी फार आवडते. दोन्ही एकच असती तर दिवा एकच पुरला असता.

शिल्पकार डॅनियल चेस्टर फ्रेंच. वॉशिंग्टनला लिंकन स्मारकात जो प्रचंड बसलेला लिंकन आहे, तोही याच माणसाचा, पण तो पुढे, 1922 सालचा. अल्मा माटर 1903 मध्ये बसवली. हॅरिएट गोएलेट नावाच्या बाईंनी आपले दिवंगत पती रॉबर्ट गोएलेट यांच्या स्मरणार्थ ती विद्यापीठाला दिली. ते इथले 1860 चे पदवीधर. सुरुवातीला पुतळ्यावर सोन्याचा मुलामा होता. उन्हापावसात तो उडाला आणि खालचं ब्राँझ हवेनं हिरवट काळसर होत गेलं. 1962 मध्ये डागडुजी करताना परत सोनं चढवलं तर लोकांनी इतका आरडाओरडा केला, की ते काढावं लागलं. लोकांना त्यांची ओळखीची, ऊनपाऊस खाल्लेली आईच हवी होती.

आता माझ्यासाठी हे शिल्प जवळचं का आहे ते सांगते.

जुलै 1913 मध्ये बावीस वर्षांचे बाबासाहेब आंबेडकर बोटीनं न्यूयॉर्कला उतरले आणि कोलंबियात दाखल झाले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दिलेली शिष्यवृत्ती, दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. लिव्हिंग्स्टन हॉल नावाच्या वसतिगृहात नवल भथेना या पारशी मित्राबरोबर ते राहिले, आणि ती मैत्री जन्मभर टिकली. आज विद्यापीठात जे मोठं बटलर ग्रंथालय आहे ते 1934 चं. बाबासाहेबांच्या काळात ग्रंथालय होतं लो लायब्ररीत, त्या घुमटाखाली. म्हणजे पुस्तकांकडे जायचं तर वसतिगृहातून निघून 116 क्रमांकाचा रस्ता ओलांडायचा आणि समोरच्या रुंद पायऱ्या चढायच्या. पायऱ्यांच्या मधोमध ही बाई, हात पसरून.

हा माणूस कुठून आला होता ते आपल्याला शाळेत शिकवलंय, पण इथं परत सांगायला हवं. साताऱ्याच्या शाळेत बसायला गोणपाट घरून न्यायचं, तेही वेगळं बसून. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही, शिपाई असेल तर तो पाणी देणार, शिपाई नसेल तर पाणी नाही. ज्या मुलाला ज्ञानाच्या दारात असं बसवलं, तो मोठा होऊन रोज या पायऱ्यांनी वर गेला आणि त्याला कुणी अडवलं नाही. 9 मे 1916 रोजी अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या वर्गात त्यांनी भारतातल्या जातींवरचा आपला निबंध वाचला. जात आतल्या आत लग्नं लावून कशी टिकवली जाते, हे त्या वयात, परक्या देशात उभं राहून मांडलं. पुढे 1930 साली कोलंबियाच्या माजी विद्यार्थ्यांच्या मासिकात त्यांनी लिहिलं, की आयुष्यातले माझे सर्वात चांगले मित्र म्हणजे कोलंबियातले माझे काही वर्गमित्र आणि ड्युई, शॉटवेल, सेलिगमन, रॉबिन्सन हे माझे थोर प्राध्यापक. 1952 साली त्याच विद्यापीठानं त्यांना मानद डॉक्टरेट दिली.

कोलंबियाला मी स्वर्ग ठरवत नाहीये. बाबासाहेबांनी नाव घेतलेले रॉबिन्सन स्वतःच पुढे विद्यापीठ सोडून गेले आणि 1919 साली न्यू स्कूल काढणाऱ्यांमध्ये सामील झाले, कारण पहिल्या महायुद्धाच्या काळात युद्धाला विरोध करणाऱ्या प्राध्यापकांना कोलंबियानं घरी पाठवलं होतं. आणि बायकांचं तर काय सांगावं! पायऱ्यांवर विद्येचं रूप म्हणून बाई बसवली 1903 मध्ये, पण कोलंबिया कॉलेजात पदवीसाठी मुलींना प्रवेश मिळाला 1983 मध्ये. मुलींसाठी रस्त्यापलीकडे बर्नार्ड कॉलेज होतं, 1889 पासून, तिथं जा म्हणायचे. ऐंशी वर्षं ही आई हात पसरून बसली होती आणि तिच्या पाठीमागची संस्था तिच्या मुलींना पदवीच्या वर्गात घेत नव्हती.

आपल्याकडे तरी वेगळं काय होतं? विद्येची देवता बाईच. पाटीवर सरस्वती काढायची, दसऱ्याला पुजायची, आणि घरातल्या मुलीच्या हातात पाटी द्यायची नाही. 1848 साली पुण्यात भिडेवाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी शाळा काढली तेव्हा लोकांनी शेणमाती मारली ती हाडामांसाच्या बाईला. देवीला कुणी हात लावला नाही. म्हणून कुठल्याही रूपकाकडे बघताना मला पहिला प्रश्न हाच पडतो, की याच्यापर्यंत पोचायची मुभा कुणाला होती?

याच फ्रेंच साहेबांचं दुसरं काम मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला आहे आणि ते बघितल्याशिवाय अल्मा माटर पुरती कळत नाही असं माझं मत आहे. बोलिंग ग्रीनला जुनं कस्टम हाउस आहे, आता आत अमेरिकन इंडियन म्हणजे अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचं संग्रहालय आहे. दर्शनी बाजूला चार खंडांची चार दगडी शिल्पं, 1907 ची. चारही बायका, चारही बसलेल्या. मधल्या दोन म्हणजे अमेरिका आणि युरोप. युरोप ताठ, राजेशाही. अमेरिका पुढे झेपावलेली, आत्ता उठेल अशी. कडेच्या दोन आफ्रिका आणि आशिया. आफ्रिका झोपलेली आहे. आणि आशिया? डोळे मिटून बसली आहे. पायाखाली माणसांच्या कवट्या. एका बाजूला वाकलेली, दीनवाणी माणसं, दुसऱ्या बाजूला वाघ. आणि तिच्या मांडीवर आहे बुद्धाची लहानशी मूर्ती.

मी पहिल्यांदा तिच्यासमोर उभी राहिले तेव्हा अंगावर काटा आला होता. हे आपण. 1907 साली एका अत्यंत कुशल हातानं आपलं चित्र असं कोरलं. निद्रिस्त, क्रूर, माणसांच्या हाडांवर पाय ठेवून बसलेलं. त्यात वसाहतवाद्यांचा गर्व ठासून भरलाय यात वादच नाही. पण त्या कवट्यांकडे बघताना मला रागाबरोबर शरमही वाटली, कारण गोणपाटावर बसवलेलं ते पोर काही फ्रेंच साहेबांनी कल्पनेतून काढलेलं नव्हतं.

आणि पुढची गोष्ट बघा. ज्या माणसानं आशियाला झोपेत कोरलं, त्याच माणसाच्या हात पसरलेल्या आईसमोरून सहा वर्षांनी आशियातला एक तरुण रोज पुस्तकं वाचायला जात होता, आणि तो पुरता जागा होता. फ्रेंचनं झोपेची खूण म्हणून जो बुद्ध आशियाच्या मांडीवर ठेवला, त्याच बुद्धाला शरण जाऊन 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बाबासाहेबांनी लाखो माणसांना उभं केलं. शिल्पकाराला जे दिसलं नाही ते इतिहासानं करून दाखवलं. हे माझ्या मनात आलं की मला त्या दोन शिल्पांमधलं अंतर पार करत राहावंसं वाटतं.

मुंबईकरांनी आपल्या राजाबाई टॉवरकडे कधी मान वर करून नीट बघितलंय का? मुंबई विद्यापीठाचा तो मनोरा, 1878 मध्ये पुरा झालेला. त्याच्या अंगाखांद्यावर पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीजमातींची माणसं दगडात कोरून उभी केली आहेत, प्रत्येक आपापल्या पागोट्यात, पेहरावात. काम देखणं आहे, मला ते आवडतंही. पण विचार करा, एल्फिन्स्टनचे विद्यार्थी म्हणून 1912 साली बाबासाहेबांनी ज्या विद्यापीठाची बी.ए. पदवी घेतली, त्याच्या मनोऱ्यावर जाती उभ्या होत्या, प्रत्येक आपल्या कोनाड्यात. आणि दुसऱ्याच वर्षी ज्या विद्यापीठात ते गेले तिथं दारात एक आई होती आणि तिच्या हातांना कोनाडाच नव्हता. दगड आणि धातू बोलत नाहीत असं कोण म्हणतं!

करोनाच्या आधीच्या एका उन्हाळ्यात माझ्या नवऱ्याचे चुलते इकडे आले होते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, मराठवाड्यातले; घरात सगळे त्यांना गुरुजीच म्हणतात. टाइम्स स्क्वेअर दहा मिनिटांत उरकलं त्यांनी. कोलंबिया मात्र बघायचंच होतं. ब्रॉडवेवरच्या फाटकातून आम्ही सरळ आत गेलो. तेव्हा कुणी काही विचारत नसे. गुरुजी पायऱ्या हळूहळू चढले, गुडघे दुखत होते. पुतळ्यासमोर बराच वेळ उभे राहिले. मी म्हटलं, “गुरुजी, बसा जरा.” ते म्हणाले, “थांब. हिचं पुस्तक उघडं आहे, पण ती वाचत नाही. समोर बघतीय. वर्गावर असंच बसावं लागतं. पुस्तक मांडीवर आणि डोळे पोरांवर.”

इतक्या वेळा बघून माझ्या हे कधी लक्षात आलं नव्हतं. चाळीस वर्षं वर्गावर उभं राहिलेल्या माणसालाच ते दिसणार.

मग शेजारच्या एका छोट्या मुलीनं आम्हाला घुबड दाखवलं. झग्याच्या चुण्यांत, डाव्या पायाजवळ, फ्रेंचनं एक लहानसं घुबड लपवलंय. नव्या विद्यार्थ्यांपैकी जो ते पहिल्यांदा शोधेल तो वर्गात पहिला येणार, अशी इथली जुनी समजूत आहे. गुरुजी वाकून वाकून बघायला लागले. “हे तर लक्ष्मीचं वाहन, विद्येकडं कसं आलं?” मी अथेनाची गोष्ट सांगितली, ग्रीकांची ज्ञानदेवता आणि तिचं घुबड. त्यांनी मान डोलावली आणि घुबडावरून बोट फिरवलं. नंतर आम्ही लेहमन ग्रंथालयातल्या बाबासाहेबांच्या अर्धपुतळ्याबद्दल बोललो. गुरुजी म्हणाले, “तो तर आपण गावोगावी उभा केलाय. मला ही पायरी बघायची होती.”

ही पायरी बघायला माणसं येतात, हे विद्यापीठाला कुणीतरी सांगायला हवं. महाराष्ट्रातून अमेरिकेत मुलाकडे, लेकीकडे आलेले कितीतरी आईवडील लिबर्टीच्या पुतळ्याइतक्याच ओढीनं कोलंबियाला जायचं म्हणतात. त्यांच्याकडे ओळखपत्र नसतं, इंग्रजी बेताचं असतं, ऑनलाइन नोंदणी वगैरे त्यांना जमत नाही. आपला माणूस जिथं शिकला ती जागा डोळ्यांनी बघायची, एवढंच.

सुरक्षिततेचं कारण मला कळत नाही असं नाही. 2024 च्या एप्रिलमध्ये हिरवळीवर तंबू पडले, पोलीस आले, हॅमिल्टन हॉल या इमारतीचा आंदोलकांनी ताबा घेतला आणि पोलिसांनी तो रिकामा केला. ज्यू विद्यार्थ्यांपैकी अनेकांना तिथं वावरताना भीती वाटली, ती भीती खरी होती आणि मी ती झटकून टाकणार नाही. पॅलेस्टाइनच्या बाजूनं उभ्या राहिलेल्या मुलांना अटका झाल्या, काहींना काढून टाकलं, त्यांचीही भीती खरीच. वसतिगृहांना, वर्गांना, प्रयोगशाळांना पहारा ठेवा, त्याला कुणाची ना नाही. पण लो लायब्ररीसमोरचं ते मोकळं अंगण आणि त्या पायऱ्या ही वेगळी जागा आहे. ते अंगण शहराचं आहे. 116 क्रमांकाचा रस्ता तिथून आरपार जात होता, 1953 मध्ये तो वाहनांना बंद होऊन विद्यापीठाच्या आवारात सामील झाला, पण माणसं त्यावरून चालत राहिली, हार्लेमच्या बाजूची आया-मुलं, म्हातारी माणसं, हमाल, फिरस्ते. सत्तर वर्षं.

आणि संकट काही पहिल्यांदा आलेलं नाही. 1968 मध्ये याच आवारात विद्यार्थ्यांनी इमारती ताब्यात घेतल्या होत्या. 1970 मध्ये तर अल्मा माटरवर बॉम्ब फुटला, सिंहासनाला इजा झाली, पुढे ती दुरुस्त केली. त्यानंतरही लोक तिच्या पायाशी बसून डबा खात राहिले. पुतळ्याला काही होऊ नये म्हणून माणसांनाच लांब ठेवायचं, तर मग तो पुतळा राखायचा कुणासाठी?

मला वाटतं, संतापलेली मुलं वेळोवेळी या पुतळ्याकडेच जातात याला कारण आहे. अध्यक्षांच्या खिडकीखाली जाऊन ओरडता येतं, पण तिथं फक्त पदावरचा माणूस भेटतो. संस्थेनं स्वतःबद्दल जे वचन देऊन ठेवलंय ते इथं बसलंय, उघड्यावर. तू आई म्हणवतेस ना, मग वाग आईसारखी, असं सांगायला माणूस आईकडेच जाणार. रंग ओतणं मला पटत नाही. ब्राँझवरची जुनी हिरवट झिलई अशा प्रकारांत खराब होऊ शकते, आणि शंभर वर्षांनी आलेली ती झिलई परत आणता येत नाही. पण तो राग तिच्या वचनाशी बोलत होता. फाटक त्या वचनाशी बोलतच नाही. हात पसरून बसलेल्या आईभोवती कुलूप लावणं हा मला त्या शिल्पाचा जास्त मोठा अपमान वाटतो. रंग टाकणाऱ्याला निदान ठाऊक होतं की ती कोण आहे.

माझे एक मित्र म्हणाले, परक्याच्या विद्यापीठाच्या फाटकाची तुला एवढी काळजी का? आपल्या विद्यापीठांच्या फाटकांवर काय चाललंय ते बघ. बघते ना. सावित्रीबाईंचं नाव 2014 मध्ये पुणे विद्यापीठाला दिलं, आवारात त्यांचा पुतळा उभा राहिला, मला मनापासून आनंद झाला. त्या नावाचं विद्यापीठ त्या नावाला जागतं का, हे विचारायचा हक्क तिथल्या प्रत्येक मुलीला आहे आणि तिनं तो विचारत राहावा. मी इथं राहते, म्हणून इथल्या फाटकाबद्दल बोलते. शिवाय कोलंबिया मला परकं वाटतच नाही. ज्या ग्रंथालयात जाती निर्मूलनाच्या विचाराची पहिली मांडणी तयार झाली त्याच्या पायऱ्यांवर आपला थोडा हक्क आहे.

इथं वाचणाऱ्यांत कोलंबियात शिकणारी मराठी मुलंमुली असतील, आहेतच. तुम्हाला विनंती आहे. पाहुण्यांची नोंद करून आत न्यायची जी काही सोय असेल ती वापरा, आणि ती आपल्या नातेवाइकांपुरती ठेवू नका. 14 एप्रिलच्या सुमारास, सुट्टीच्या दिवसांत, महाराष्ट्रातून आलेल्या कुणाला बाबासाहेबांची पायरी बघायची असेल तर त्यांना घेऊन जा. आणि तुमच्या विद्यार्थी संघटनेमार्फत विद्यापीठाला पत्र लिहा, की दिवसा तरी ते अंगण सगळ्यांना मोकळं करा. पत्राचा मसुदा करायला मी मदत करेन, मेसेज टाका.

बाकीच्यांसाठी, न्यूयॉर्कला येणार असाल तर आधी बोलिंग ग्रीनला जाऊन ती डोळे मिटलेली आशिया बघा. ती रस्त्यावरच आहे, तिकीट नाही, फाटक नाही. तिथून साउथ फेरी स्टेशन चालत काही मिनिटांवर. 1 नंबरची गाडी पकडा, ती थेट 116 स्ट्रीटला कोलंबियाच्या दारात सोडते. आत जाता आलं तर घुबड शोधा, डाव्या पायाजवळ. नाही आलं तर पहारेकऱ्यावर चिडू नका, त्याचा यात दोष नाही. विद्यापीठाला दोन ओळी लिहा, मराठीत लिहिल्या तरी चालेल, की आम्ही आंबेडकरांच्या देशातून आलो होतो आणि आम्हाला तुमच्या आईला भेटायचं होतं.